विंडोज उडालं नाही, सेल संपलाय

लॅपटॉप चालू केला की काळ्या पडद्यावर दोन इंग्रजी ओळी येतात आणि यंत्र तिथंच अडून बसतं. नाहीतर विंडोजचं चिन्ह दिसतं, पापणी लवायच्या आत एक निळा पडदा येऊन जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू. बारामतीच्या भिगवण रस्त्यावरचं दुकान असो की इंदापूरच्या एसटी स्टँडजवळचं, काउंटरवरचं निदान बहुधा ठरलेलं असतं: “दादा, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावं लागंल.”

फॉरमॅट मारला की लॅपटॉप चालू होतो, हे खरं. त्यासोबत बचत गटाचा हिशेब, मुलीच्या साखरपुड्याचे फोटो आणि ठिबकच्या अनुदानासाठी स्कॅन करून ठेवलेली कागदपत्रं जातात, हेही खरं. आणि कितीतरी वेळा विंडोजला काहीच झालेलं नसतं. गडबड असते विंडोजच्या खालच्या थरात, जिथं सहसा कुणी डोकावत नाही. त्या थराचं नाव बायोस, आणि त्यात डोकावण्याची जी जागा आहे तिला सेटअप म्हणतात. दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप वापरात ठेवायचा असेल तर एवढा एक पडदा वाचता येणं हे नवी रॅम टाकण्याइतकंच उपयोगाचं आहे, असं माझं मत आहे. रॅमला पैसे पडतात, याला पडत नाहीत.

चालू करायचं बटण दाबतो तेव्हा प्रोसेसरला काहीही ठाऊक नसतं. हार्ड डिस्क आहे की नाही, रॅम किती, पडदा कुठला, सगळं कोरं. त्याला पहिली आज्ञा मिळते ती मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधल्या प्रोग्रॅमकडून. हा प्रोग्रॅम म्हणजे बायोस. हे नाव गॅरी किल्डॉल या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९७५ मध्ये आपल्या सीपी/एम या प्रणालीसाठी वापरलं आणि पुढे ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. बायोस आधी हातापायांची तपासणी करतो, म्हणजे रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते बघतो. मग ठरवून दिलेल्या क्रमाने एकेका डिस्ककडे जाऊन ‘तुझ्याकडं विंडोज आहे का?’ असं विचारतो आणि होकार आला की कारभार तिच्या हाती देऊन बाजूला होतो. हा क्रम कुणी ठरवला? डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं हे कुणी ठरवलं? हे निर्णय कुठंतरी लिहून ठेवावे लागतात.

आयबीएमने १९८१ मध्ये पहिला पीसी काढला तेव्हा हे निर्णय मदरबोर्डवरच्या बारक्या खटक्यांवर होते. रॅम वाढवली की स्क्रू खोलून खटका बदलायचा. १९८४ च्या पीसी एटीमध्ये खटके बहुतांशी गेले आणि मोटोरोलाची एक घड्याळाची चिप आली. तिच्यात एकूण ६४ बाइट जागा होती. १४ बाइट घड्याळाला, उरलेले ५० बाइट सेटिंगना. ५० बाइट म्हणजे किती, तर आज आपण संगणकावर ज्या पद्धतीने देवनागरी साठवतो तिच्यात ‘बारामती, जिल्हा पुणे’ एवढा पत्तासुद्धा त्यात मावणार नाही. एवढ्याशा जागेत अख्ख्या यंत्राची कुंडली बसवली होती, आणि वीज गेल्यावर ती पुसली जाऊ नये म्हणून शेजारी एक बॅटरी लावली होती. हीच ती सीमॉस मेमरी. त्या वेळी सेटअप उघडायला वेगळी फ्लॉपी घालावी लागे. पुढे तो प्रोग्रॅम चिपमध्येच आला आणि एखादी कळ दाबून उघडू लागला.

आयबीएमचा बायोस हुबेहूब उतरवणं बेकायदा होतं. त्यामुळे कॉम्पॅकने आणि नंतर फीनिक्स या कंपनीने त्याचं काम अभ्यासून स्वतःचा बायोस लिहिला. फीनिक्सने तो १९८४ पासून इतरांना विकायला काढला आणि जगभर ‘आयबीएमसारखे’ संगणक निघण्याचा रस्ता मोकळा झाला. लॅपटॉप उघडताना क्षणभर दिसणाऱ्या नावांमध्ये फीनिक्स असतं, इन्साइड असतं, आणि अमेरिकन मेगाट्रेंड्स असतं. या शेवटच्या कंपनीच्या स्थापनेत, १९८५ साली, सुब्रमण्यम शंकर हे भारतीय वंशाचे अभियंते होते. तिचं चेन्नईतही मोठं कार्यालय आहे. म्हणजे तो अनोळखी वाटणारा निळा-करडा पडदा तितकासा परका नाही.

आता बारामती-इंदापूरच्या या भागाकडे येऊ. बारामतीला संगणक काही काल आलेला नाही. विद्या प्रतिष्ठान ही शिक्षणसंस्था १९७२ पासून आहे आणि माहिती तंत्रज्ञानाचं शिक्षण तिथं रुळूनही आता बरीच वर्षं झाली. या शतकाच्या पहिल्याच दशकात आयआयटी मुंबईने शेतकऱ्यांसाठी एक प्रश्नोत्तरांची सोय उभी केली होती. शेतकरी मराठीत प्रश्न विचारायचे आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातले तज्ज्ञ उत्तरं द्यायचे. आज त्याच केंद्राच्या शारदानगर परिसरात ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानावर उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करतो आहे. तिथून इंदापूरच्या रस्त्याला लागलं, की भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करत जाताना गावागावांतल्या सेवा केंद्रांत, सोसायट्यांत, शाळांत आणि घरांत जे लॅपटॉप दिसतात ते मात्र वेगळ्याच पिढीचे. मुलगा हिंजवडीत किंवा खराडीत नोकरीला लागला, त्याने नवा घेतला, जुना गावाकडं आला. नाहीतर मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढून टाकलेले डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक, लेनोवो थिंकपॅड झाडूनपुसून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकत आलेले. यंत्रं दणकट असतात. फक्त ती दुसऱ्याच्या गरजांसाठी लावलेली असतात, आणि त्या गरजा सेटअपमध्ये तशाच लिहिलेल्या राहतात.

एमएस-सीआयटी २००१ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून महाराष्ट्रात कितीतरी घरांत कुणी ना कुणी ही संगणकाची परीक्षा दिली आहे. वर्ड, एक्सेल, इंटरनेट सगळ्यांना येतं. विंडोजच्या आधीचे ते दोन-तीन सेकंद मात्र जणू आपले नाहीतच.

आता त्या सेलकडे, म्हणजे सीमॉस मेमरी जिवंत ठेवणाऱ्या त्या बॅटरीकडे. बहुतेक यंत्रांत तो सीआर २०३२ या जातीचा असतो. या आकड्यातच त्याचं माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. दाब ३ व्होल्ट. मोठ्या संगणकात तो मदरबोर्डवरच्या खोबणीत बसतो. लॅपटॉपमध्ये बहुधा प्लास्टिकच्या वेष्टनात गुंडाळून दोन बारीक वायरींनी जोडलेला असतो, त्यामुळे घड्याळाच्या दुकानातला नुसता सेल आणून भागत नाही, वायरसह मिळणारा घ्यावा लागतो. लॅपटॉपची मोठी बॅटरी जिवंत असेल किंवा चार्जर लावलेला असेल तोवर घड्याळ साधारण त्यावर चालतं आणि सेलला फारसं काम नसतं. पण मोठी बॅटरी मेलेली आणि लॅपटॉप दोन पावसाळे कपाटात, अशी स्थिती आली की सगळा भार त्या बटणाएवढ्या सेलवर. तो संपतो. मग चालू करताना ‘वेळ आणि तारीख लावलेली नाही’ अशा अर्थाची ओळ येते आणि पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा म्हणून यंत्र थांबतं. दुकानात ‘विंडोज उडालं’ म्हणून येणाऱ्यांत या ओळीपाशीच अडलेलेही असतात.

तारीख मागे गेल्याचा परिणाम आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. सातबारा, महाडीबीटी, बँक, कुठल्याही सुरक्षित संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. लॅपटॉपच्या मते आज २००९ चा जानेवारी असेल, तर त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही. ब्राउझर लाल इशारा देतो, ‘हे कनेक्शन खासगी नाही’ म्हणतो, आणि आपण रेंजला, सर्व्हरला नाहीतर सरकारला दोष देतो. सेवा केंद्रात डिजिटल सही करतानाही हीच अडचण येते, कारण सहीच्या प्रमाणपत्रालाही मुदत असते. इंटरनेट मिळाल्यावर विंडोज घड्याळ आपोआप जुळवतं, हे बरोबर. पण फरक १५ तासांहून मोठा असेल तर घरगुती विंडोज एरवी आपणहून त्याला हात लावत नाही. वर्षांचा फरक आपणच मिटवायचा असतो.

तारीख मागे गेली तर निदान ती डोळ्यांना दिसते. दुसरा परिणाम दिसतच नाही, आणि घरोघरचे फोटो त्यातच जातात. जुन्या बायोसमध्ये सेल संपला की घड्याळासोबत सेटिंगही पुसली जातात आणि यंत्र कारखान्यातल्या मूळ निवडीवर परत जातं. (साधारण २०१२ नंतरच्या, युईएफआय नावाच्या नव्या पद्धतीच्या यंत्रांत सेटिंग चिपमध्येच कायमची लिहिली जातात, तिथं बहुधा घड्याळच बिघडतं.) आता या मूळ निवडींपैकी एक असते डिस्कशी बोलण्याची पद्धत. सेटअपमध्ये ती ‘साटा मोड’ किंवा ‘साटा ऑपरेशन’ या नावाखाली मिळते आणि तिचे पर्याय असतात आयडीई, एएचसीआय, कधी रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची सोय). आयडीई म्हणजे नव्या डिस्कने जुन्या काळच्या डिस्कचं सोंग घेणं. एएचसीआय म्हणजे तिच्या स्वतःच्या भाषेत बोलणं, जे अधिक वेगवान आहे. डिस्क तीच, माहिती तीच. फरक फक्त संभाषणाचा. पण विंडोज ज्या पद्धतीत टाकलेलं असतं, चालू होताना त्याच पद्धतीचा ड्रायव्हर ते हाताशी धरतं. पद्धत बदललेली दिसली की त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही, आणि शेवटी ‘७बी’ असलेला कोड दाखवून ते निळं पडतं.

हे घडतं कसं, याला एक छोटा इतिहास आहे. विंडोज एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हर नव्हता. २००८ ते २०१२ च्या सुमारास नवे लॅपटॉप एएचसीआयवर येत होते, पण गिऱ्हाइकाला एक्सपीच हवं असायचं, कारण टॅली आणि मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालायचं. मग दुकानदार सेटअपमध्ये जाऊन आयडीई करायचा आणि एक्सपी टाकून द्यायचा. त्या काळातलं ते अगदी शहाणं काम होतं. पुढे सेल संपला, यंत्र मूळच्या एएचसीआयवर गेलं, आणि निळा पडदा आला. तो बदल कुणी केला होता हे कुणाच्याच लक्षात नसतं. डेल लॅटिट्यूडच्या बऱ्याच मॉडेलांत मूळ निवड ‘रेड ऑन’ असते. विकताना कुणी एएचसीआय करून विंडोज टाकलेलं असतं, आणि नंतर कुणीतरी भाबडेपणाने ‘लोड डिफॉल्ट्स’ दाबलं की तोच प्रकार. तेव्हा एकच डिस्क असलेल्या लॅपटॉपवर ७बी दिसलं तर फॉरमॅटचं नाव काढण्याआधी सेटअपमध्ये जावं, साटाचा पर्याय बदलावा आणि पुन्हा चालू करून बघावं. जमलं तर काम झालं. नाही जमलं तर पर्याय पूर्ववत करावा. नुसता पर्याय बदलल्याने डिस्कवरची माहिती जात नाही.

निळा पडदा इतका झटपट जातो की कोड वाचता येत नाही, ही तक्रार रास्त आहे. मोबाइलने व्हिडिओ काढायचा आणि थांबवत बघायचं.

सेटअप उघडायचा कसा? कंपनीगणिक कळ वेगळी. डेलला एफ-२. एचपीला एस्केप दाबून मेनू येतो, त्यात एफ-१०. थिंकपॅडला एफ-१, लेनोवोच्या साध्या आयडियापॅडला एफ-२, आणि काहींत कडेला नोवो नावाचं एक वेगळं छोटं बटण असतं. एसर, आसुस, सोनी, सॅमसंग यांना बहुतेक एफ-२. जुन्या तोशिबाची तऱ्हा निराळी: एस्केप दाबून धरूनच यंत्र चालू करायचं, मग एफ-१. चालू करायचं बटण दाबल्याबरोबर ही कळ टकटक मारत राहावी, कंपनीचं चिन्ह दिसायची वाट बघू नये. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शटडाउन हा पुरता शटडाउन नसतो, त्यामुळे कधीकधी ही टकटक वाया जाते, तेव्हा शटडाउनऐवजी रीस्टार्ट द्यावा.

आत गेल्यावर माऊस बहुधा चालत नाही. बाणांच्या कळा, एंटर, आणि बाहेर पडताना बहुतेक यंत्रांत एफ-१० म्हणजे ‘जतन करून बाहेर’. काही घोटाळा झालासा वाटला तर एस्केप दाबून न जतन करता बाहेर पडता येतं. पहिल्या वेळी काहीही बदलू नये. प्रत्येक पान उघडून मोबाइलने त्याचा फोटो घ्यावा, बस्स. पुढे सेल बदलल्यावर हेच फोटो समोर ठेवून सगळं पूर्ववत लावता येतं.

पहिलं पान नुसत्या माहितीचं असतं आणि ते वाचायचं असतं. तिथं डिस्कचं नाव आणि आकार दिसतो का? सीगेट, तोशिबा, डब्ल्यूडी असं काही नाव आणि ३२० किंवा ५०० जीबी असा आकडा दिसत असेल तर डिस्क निदान बोलते आहे; दोष सेटिंगचा किंवा विंडोजचा. तिथं ‘नन’ लिहिलेलं असेल तर डिस्क सैल झाली आहे किंवा गेली आहे, आणि कितीही सेटिंग बदलली किंवा फॉरमॅट मारायचा म्हटला तरी उपयोग शून्य. दुकानदाराशी बोलताना हा एक मुद्दा ठाऊक असला तरी संभाषणाचा रंग बदलतो.

डेलच्या यंत्रांत बॅटरीच्या पानावर आणखी एक मोलाची ओळ असते: चार्जर किती वॉटचा आहे. डेलच्या चार्जरच्या पिनेत मधे एक बारीक सुई असते, तिच्यावाटे चार्जर स्वतःची ओळख सांगतो. ती सुई वाकली, वायर आतून तुटली किंवा स्वस्तातला बनावट चार्जर घेतला, की सेटअपमध्ये ‘अननोन’ येतं. मग लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम मंद गतीवर ठेवला जातो. ‘लॅपटॉप फार स्लो झालाय, म्हातारा झाला’ म्हणून जी यंत्रं बाजूला पडतात त्यातल्या काहींना नुसता बरा चार्जर हवा असतो. हे विंडोजमध्ये बसून सहसा समजत नाही, सेटअपमध्ये एका ओळीत समजतं.

बूटचा क्रम हा सेटअपमधला सर्वांत प्रसिद्ध भाग, म्हणून त्यावर फार वेळ घालवत नाही. पेनड्राइव्हवरून नवी प्रणाली टाकायची तर क्रम बदलायचीही गरज नसते. डेलला आणि थिंकपॅडला एफ-१२, एचपीला एफ-९ दाबलं की त्या एका वेळेपुरतं विचारलं जातं. एसरमध्ये हा एफ-१२ मेनू मुळात बंद असतो आणि सेटअपमध्ये जाऊन आधी चालू करावा लागतो. खरी गोम आहे ‘लेगसी’ आणि ‘युईएफआय’ या जोडीत. लेगसी म्हणजे जुना बायोस, युईएफआय म्हणजे त्याची जागा घेणारी पद्धत. मधल्या काळातल्या यंत्रांत दोन्ही असतात. विंडोज ज्या पद्धतीत टाकलं त्याच पद्धतीत ते उठतं. लेगसीत टाकलेलं विंडोज युईएफआयवर ठेवलं की पडद्यावर ‘बूट करण्यासारखं काही सापडलं नाही’ असं येतं, आणि पुन्हा कुणीतरी फॉरमॅटचं नाव काढतं. पेनड्राइव्ह तयार करतानाही हाच मेळ बसवावा लागतो.

हे आत्ता महत्त्वाचं आहे, कारण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला युईएफआय, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. २०१२ च्या लॅटिट्यूडमध्ये ती मिळायची नाही. अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली टाकणं हा सरळ मार्ग आहे. त्यात मिंट आहे, लुबंटू आहे, आणि आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ पासून काढलेलं बॉसही आहे, ज्यात भारतीय भाषांची सोय मुळातूनच धरलेली आहे. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यातच, १९८८ पासून. ज्यांचं काम ब्राउझर आणि एखादी हिशेबाची वही एवढ्यातच आहे त्यांना लिनक्सची सवय आठवड्यात होते. टॅलीवाल्यांनी आणि डिजिटल सहीवाल्यांनी मात्र आधी आपलं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का ते बघावं.

आता जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्यांसाठी, आणि हे जरा ठासून सांगतो. पैसे देण्याआधी दुकानदारासमोर यंत्र बंद करा, चालू करा आणि सेटअपची कळ दाबा. पासवर्ड मागितला तर यंत्र खाली ठेवा. कंपन्या आपल्या लॅपटॉपच्या सेटअपला पासवर्ड लावतात आणि विल्हेवाट लावताना तो काढायला कधीकधी विसरतात. विंडोज मस्त चालतं, त्यामुळे घेताना लक्षात येत नाही. पुढे पेनड्राइव्हवरून काही टाकायची वेळ आली की दार बंद. ‘सेल काढून अर्धा तास ठेवा, पासवर्ड जातो’ हा सल्ला जुन्या मोठ्या संगणकांना लागू होता. कंपन्यांसाठीच्या लॅपटॉपमध्ये पासवर्ड वेगळ्या कायम स्मृतीच्या चिपमध्ये असतो, सेलशी त्याचा संबंध नाही. थिंकपॅडच्या बाबतीत तर सुपरवायझर पासवर्ड हरवल्यास मदरबोर्ड बदला, हेच अधिकृत उत्तर आहे. हार्ड डिस्कचा पासवर्ड वेगळा असतो आणि त्याहून कडक: डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली तरी ती पासवर्डच मागते. म्हणून घरच्या लॅपटॉपला उगाच हौसेने असे पासवर्ड लावू नयेत.

सेटअपमध्ये ‘कॉम्प्युट्रेस’ अशी ओळ दिसली तर तीही वाचा. चोरीला गेलेला लॅपटॉप शोधण्याची ती सोय आहे. ती ‘ॲक्टिव्हेट’ असेल तर आधीच्या मालक कंपनीशी त्या यंत्राचं नातं अजून तुटलेलं नसण्याची शक्यता आहे, आणि डेलच्या लॅटिट्यूडवर ही निवड एकदा पक्की झाली की बदलता येत नाही. दुकानदाराला त्याबद्दल विचारावं. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा नग बघावा.

बायोस अद्ययावत करण्याचा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो. माझा कल नको म्हणण्याकडे आहे, ठोस कारण नसेल तर. चिप लिहिली जात असताना वीज गेली तर यंत्र कायमचं आडवं होऊ शकतं. म्हणूनच लॅपटॉप त्या वेळी चार्जरही मागतो आणि चार्ज असलेली बॅटरीही. बॅटरी मेलेल्या यंत्रावर हे अपडेट अडतं, ते आपल्या भल्यासाठीच. ही चिप पुसली गेली तर काय होतं ते जगाने २६ एप्रिल १९९९ ला पाहिलं होतं. तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस त्या दिवशी जागा झाला आणि डिस्कची नासधूस करण्याबरोबरच काही संगणकांचा बायोसही त्याने खोडून टाकला.

काही बारीकसारीक पर्याय ठाऊक असलेले बरे. एचपीच्या काही यंत्रांत नेटवर्कची वायर जोडली की वायफाय बंद पडतं. तो बिघाड नसून ‘लॅन-वायफाय स्विचिंग’ नावाचा पर्याय आहे. थिंकपॅडला दुसऱ्या कंपनीचं वायफाय कार्ड बसवलं तर काही मॉडेलं १८०२ हा आकडा दाखवून चालू व्हायलाच नकार देतात, कारण परवानगी असलेल्या कार्डांची यादी बायोसमध्येच कोरलेली असते. अभियांत्रिकीच्या मुलांना व्हर्च्युअल मशीन किंवा अँड्रॉइडचा इम्युलेटर चालवायचा असतो आणि तो रडतो; सेटअपमध्ये ‘व्हर्च्युअलायझेशन’ बंद असतं, ते चालू केलं की सुरळीत. सेवा केंद्रासारख्या ठिकाणी लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असतो. लॅटिट्यूडमध्ये बॅटरीच्या चार्जिंगसाठी ‘प्रायमरिली एसी’ असा पर्याय आहे. तो निवडला की बॅटरी सतत काठोकाठ भरलेली ठेवली जात नाही आणि तिचं आयुष्य वाढतं.

आणि एक पर्याय तर या भागासाठीच केल्यासारखा. लॅटिट्यूडमध्ये ‘वेक ऑन एसी’ असं काही लिहिलेलं असतं: चार्जरला वीज आली की लॅपटॉप आपोआप चालू. शेतीपंपाच्या फीडरवर अनेक ठिकाणी वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशी पाळीने येते. विहिरीवरच्या खोलीत कॅमेऱ्याचं चित्रण साठवायला किंवा ठिबकच्या नोंदी ठेवायला एखादा निवृत्त लॅपटॉप बसवला असेल तर रात्री कुणी उठून बटण दाबायला जायची गरज नाही. फक्त त्यासाठी मोठी बॅटरी पुरती मेलेला लॅपटॉप निवडू नये. वीज गेल्यावर तो त्याच क्षणी बंद पडतो आणि लिहीत असलेली फाइल अर्धवट राहते. अर्धा तास तग धरणारी बॅटरी असली तर विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये ‘बॅटरी कमी झाली की शटडाउन’ लावून ठेवायचं: वीज गेल्यावर यंत्र नीट आवरून बंद होतं, आणि वीज परत आल्यावर बायोस त्याला उठवतो.